मागचे स्पीकर मुके का राहिले? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तिच्यातली एक चूक माझ्या पदरात पडते. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संगणकावर वाजणारा ५.१ सराउंड आवाज (पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजाचा एक सबवूफर, म्हणजे सहा चॅनेल) ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने कसा रेकॉर्ड करायचा यावर मी लिहिलं होतं. तुम्ही तसंच केलंत. फाइलमध्ये सहा चॅनेल दिसतात, पण आवाज पुढच्या दोघांतच आहे, बाकीचे मुके. खोलीत ऐकताना मात्र मागच्या स्पीकरमधून आवाज व्यवस्थित येतो. म्हणजे एक तर सॉफ्टवेअर बोगस, नाही तर लेख, असं तुमचं म्हणणं. पुढे तुम्ही लिहिलंय की तुमच्या मित्राने ओबीएसमधल्या सहाही ट्रॅकवर टिक केली आणि काम झालं, मी उगाच द्राविडी प्राणायाम करायला लावला. आणि शेवटी, ५.१ ऐकतंय कोण?

आधी माझी चूक. ओबीएसच्या ऑडिओ सेटिंगमध्ये चॅनेल ५.१ करा, प्रोग्रॅम बंद करून परत उघडा, एवढं सांगून मी पुढे गेलो. हे अर्धंच काम आहे. ओबीएस स्वतः सराउंड तयार करत नाही. विंडोजच्या मिक्सरमधून स्पीकरकडे जे चाललंय त्याची नक्कल ते लूपबॅकने उचलतं. तो मिक्सरच दोन चॅनेलचा असेल तर ओबीएसमध्ये काहीही निवडा, सहा खणांचा डबा मिळेल आणि त्यातले चार खण रिकामे असतील. म्हणून जुन्या कंट्रोल पॅनलमधल्या साउंडच्या खिडकीत जाऊन, प्लेबॅकच्या यादीतलं आपलं उपकरण निवडून, कॉन्फिगर बटणातून ५.१ स्पीकर आधी ठरवायला हवेत. हे मी गृहीत धरलं, कारण माझ्या संगणकावर ते केव्हाच करून ठेवलेलं होतं. लिहिणाऱ्याने गृहीत धरायचं आणि वाचणाऱ्याने भोगायचं, असा प्रकार झाला.

तरीही तुमच्या बाबतीत कारण हे नसावं, कारण ओबीएसच्या मिक्सरमध्ये डेस्कटॉप ऑडिओसमोर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सहा पट्ट्या दिसतात आणि त्यातल्या दोनच हलतात असं तुम्ही लिहिलंय. विंडोज स्टिरिओवर असतं तर पट्ट्याच दोन दिसल्या असत्या. सहा आहेत म्हणजे रस्ता सहापदरी आहे, गाड्या दोनच आहेत.

मग खोलीत मागून आवाज कसा येतो? माझा संशय तुमच्या एव्ही रिसीव्हरवर आहे, म्हणजे संगणकाचा आवाज घेऊन स्पीकरना पुरवणाऱ्या यंत्रावर. आलेला स्टिरिओ आवाज स्वतःच पाच-सात स्पीकरवर पसरवायची सोय बहुतेक रिसीव्हरमध्ये असते. डॉल्बी सराउंड किंवा डीटीएस न्यूरल एक्स ही नावं त्याच्या पडद्यावर दिसत असतील तर समजा की मागचा आवाज त्यानेच घडवलाय. आणि हे सगळं घडतं एचडीएमआयच्या तारेच्या पलीकडे. लूपबॅक आवाज उचलतो अलीकडून, संगणकाच्या आतून. जे तारेनंतर जन्माला आलं ते रेकॉर्डिंगमध्ये कुठून येणार? रिसीव्हर डायरेक्ट किंवा स्ट्रेट मोडवर (आवाज आला तसाच वाजवायच्या) टाका आणि तोच व्हिडिओ परत लावा. मागचे स्पीकर गप्प झाले तर मूळ व्हिडिओच स्टिरिओ होता, आणि ओबीएसने जे होतं ते इमानदारीने टिपलं.

म्हणूनच चाचणीसाठी चित्रपट किंवा ऑनलाइन व्हिडिओ वापरू नये. आवाज कुठून यायला हवा हे आपल्याला नक्की ठाऊक नसतं. मी स्वतःची फाइल बनवली आहे. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये सहा मोनो ट्रॅक, प्रत्येकात माझाच आवाज: ‘पुढचा डावा’, ‘पुढचा उजवा’, ‘मधला’, ‘सबवूफर’, ‘मागचा डावा’, ‘मागचा उजवा’. एकामागून एक, मध्ये दोन सेकंद शांतता. एक्स्पोर्ट करताना प्रत्येक ट्रॅक कुठल्या चॅनेलला जाईल ते हाताने जोडायचं आणि सहा चॅनेलची वेव्ह फाइल करायची.

पहिल्या वेळी सबवूफरचा आवाज आलाच नाही. अर्धा तास वायर हलवत बसलो. मग डोक्यात प्रकाश पडला: तो चॅनेल साधारण १२० हर्ट्झच्या खालच्याच आवाजासाठी असतो, माझं बोलणं सबवूफर वाजवणार कसं? ओबीएसची चौथी पट्टी मात्र हलत होती! आता तिथे बोलण्याऐवजी ५० हर्ट्झचा घुमणारा सूर ठेवला आहे.

दुसरी गंमत क्रमाची. वेव्ह फाइलमधला क्रम असा: डावा, उजवा, मधला, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा. चित्रपटाच्या मिक्सिंगमध्ये दुसराही एक क्रम चालतो: डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि शेवटी सबवूफर. प्रो टूल्स या ध्वनिमिश्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच दिसतो. एकदा मी या दुसऱ्या क्रमाने सहा मोनो फाइली घेऊन पहिल्या क्रमाच्या खणांत भरल्या. परिणाम असा की बोलणारा माणूस पडद्याच्या मधोमध आणि त्याचा आवाज उजव्या कोपऱ्यातून. मागे डावीकडे पडायचा पाऊस सबवूफरमध्ये जाऊन नुसता घुं घुं करत होता. फाइलची माहिती पाहिली तर सगळं चोख: सहा चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ, ५.१. माहितीच्या चौकटीवर विसंबणं मी त्या दिवशी सोडलं.

आता तुमची सहा ट्रॅकची युक्ती. इथे मात्र मी मागे हटणार नाही. ओबीएसमध्ये सहा ट्रॅक आहेत आणि ५.१ मध्ये सहा चॅनेल आहेत, हा निव्वळ योगायोग. ट्रॅक म्हणजे स्वतंत्र मिश्रण: एकात फक्त माइक, दुसऱ्यात फक्त गेमचा आवाज, तिसऱ्यात सगळं एकत्र. नंतर एडिटिंगला सोपं जावं म्हणून. चॅनेल हे त्या प्रत्येक ट्रॅकच्या पोटात असतात. स्टिरिओ सेटिंगवर सहाही टिका केल्यात तर एकाच फाइलमध्ये तोच स्टिरिओ आवाज सहा वेळा साठवला जाईल. प्लेअर त्यातला एक वाजवेल, उरलेले पाच भाषांच्या पर्यायांसारखे यादीत पडून राहतील. तुमच्या मित्राला ‘सहा आले’ असं वाटलं ते बहुधा यामुळेच.

हेडफोनबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. ७.१ लिहिलेल्या बहुतेक हेडफोनच्या कानात स्पीकर दोनच असतात. डोक्याच्या आणि कानाच्या आकारामुळे आवाजात जो फरक पडतो त्याचं गणित करून, मागून आल्याचा भास त्या दोनांतच निर्माण केला जातो. ते रेकॉर्ड केलं तर स्टिरिओ फाइल मिळेल. ऐकणारे सगळे हेडफोनवालेच असतील तर ती उत्तम चालेल, मी स्वतः असं केलंय. पण तीच फाइल खोलीतल्या स्पीकरवर लावली की आवाज विचित्र, पोकळ वाटतो. सहा खरे चॅनेल हवेत आणि जवळ हेडफोनच आहे, अशा वेळी आभासी ऑडिओ केबल लागते: विंडोजला वाटतं समोर बहुचॅनेल स्पीकर जोडलेत, ओबीएस त्या केबलवरून आवाज घेतं. तेव्हा तुमच्या कानाला काहीच ऐकू येत नाही, कारण आवाज केबलमध्ये गेलेला असतो. ओबीएसचं मॉनिटरिंग, म्हणजे चाललेला आवाज आपल्याला ऐकवायची सोय, हेडफोनकडे वळवलं की झालं.

प्लेअरमध्ये पासथ्रू चालू असेल तर तो बंद करा. त्यात डॉल्बी किंवा डीटीएसचा आवाज न उलगडता, बांधलेल्या गाठोड्यासारखा थेट रिसीव्हरकडे जातो. मिक्सरच्या हाती काही लागत नाही आणि रेकॉर्डिंग कोरं राहतं. नक्कल होऊ नये म्हणून संरक्षित केलेल्या व्हिडिओवर काळा पडदा मिळतो तो प्रकार वेगळा. तो बिघाड नाही, आणि त्यावरचा उपाय मी इथे सांगणार नाही.

बिटरेटचं, म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाला किती डेटा खर्चायचा त्याचं, मूळ लेखात राहून गेलं होतं. ओबीएस ऑडिओला मुळात १६० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) देतं. दोन चॅनेलला ते पुरतं, सहांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतं. यूट्यूब अपलोडसाठी स्टिरिओला ३८४ आणि ५.१ ला ५१२ सुचवतं. मी ५१२ च्या खाली जात नाही.

राहिला प्रश्न ऐकणार कोण. बहुतेक लोक दोन स्पीकरवर किंवा फोनवरच ऐकतात, हे तुमचं खरं आहे. ऑनलाइन शिकवणीचा व्हिडिओ बनवत असाल तर या फंदात पडूच नका. पण सहा चॅनेलवरून स्टिरिओ केव्हाही करता येतो: मधला आणि मागचे ०.७०७ पट करून डाव्या-उजव्यात मिसळायचे, सबवूफर बहुधा सोडून द्यायचा. संवाद दबलेत असं वाटलं तर मधला थोडा वर घ्यायचा. एकदा दोनांत घोटलेल्या आवाजातून मूळचे सहा मात्र परत काढता येत नाहीत. रिसीव्हर पसरवतो तो अंदाज असतो. गेमच्या आवाजाचं काम करणाऱ्याला हा फरक पुरेसा आहे.

मूळ लेखात विंडोजची पायरी आणि बिटरेट दोन्ही भरले आहेत, दुरुस्तीची नोंदही टाकली आहे. तुम्ही एवढंच करा: वर सांगितली तशी चाचणी फाइल बनवून वाजवा आणि ओबीएसच्या सहा पट्ट्यांकडे बघा. पाचवी आणि सहावी आपापल्या वेळी हलली तर तुमची जोडणी ठीक आहे, व्हिडिओच स्टिरिओ होता. नाहीच हलल्या, तर प्लेअर सहा चॅनेलची दोनांत घडी घालून देतोय. त्याची ऑडिओ सेटिंग इथे उतरवून पाठवा, बघतो. आणि हो, फाइल वाजवण्याआधी रिसीव्हर चालू आहे ना ते पाहा. माझ्याकडे तो बंद असताना संगणक सुरू केला की विंडोज गुपचूप स्टिरिओवर येऊन बसतं.