आयाळीला जळकं ऑइल फासण्याआधी ऑइलचा डबा तरी वाचा

"घोड्याची आयाळ खाजते? डॉक्टरला पैसे घालू नका. गॅरेजमधलं जळकं ऑइल आणि गंधक कालवून सात दिवस चोळा. हरभरा बंद करा, रक्तात उष्णता झालीय. आयाळ भादरा. गुरांचं आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंताचं इंजेक्शन, टोचा. १००% गुण."

पावसाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्या आतेभावाकडे पोचला आणि पठ्ठ्याने वरातीच्या घोडीला ऑइल फासलंसुद्धा! मानेचं कातडं सोलून निघालं तेव्हा मला फोन.

आधी ऑइलचंच बोलू. इंजिन ऑइलच्या बऱ्याच डब्यांवर बारीक अक्षरात इशारा असतो, की वापरलेलं ऑइल कातडीला वारंवार लागू देऊ नका, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना त्याने त्वचेचा कॅन्सर झालाय. म्हणजे ऑइल विकणारी कंपनीच सांगतेय, आणि आपण तेच ऑइल खाजवून खाजवून रक्ताळलेल्या मानेवर चोळायचं, तेही सात दिवस, वर उन्हात उभं करायचं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले धातूंचे कण असतात, जळून तयार झालेली विषारी रसायनं असतात. शेजारची घोडी तिची मान चाटते, म्हणजे ते तिच्या पोटातही जातं. आधी नुसती खाज होती, आता खाज अधिक भाजल्यासारखी जखम.

"पण आमच्या आजोबांच्या घोड्याला गुण आला होता." आला असेल, नाही म्हणत नाही. कुठल्याही तेलाचा थर असला की चिलटांना चावायला जड जातं. आणि गंधकही अगदीच फालतू नाही, खरजेच्या किड्यांवर त्याची औषधं आहेत. पण मग साधं लिक्विड पॅराफिन, म्हणजे शुद्ध केलेलं खनिज तेल, लावा ना, गॅरेजची घाण कशाला?

मुळात खाज येते कशाने ते मेसेजवाल्याला माहीतच नाही. पावसाळ्यात आयाळ आणि शेपटाचं बूड घासून घासून केस गेले असतील तर बहुतेक वेळा ती क्युलिकॉइड्स नावाच्या बारीक चिलटांच्या लाळेची ॲलर्जी असते, इंग्रजीत स्वीट इच म्हणतात. उष्णता-बिष्णता काही नाही. आइसलँडमध्ये पूर्वीपासून ही चिलटं नव्हती, त्यामुळे तिथे हा त्रास नव्हता, पण तिथले घोडे युरोपात नेले की त्यांना हीच खाज जबरदस्त सुटते, बाहेरच्या देशात जन्मलेल्या त्याच जातीच्या घोड्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांना काय कोणी हरभऱ्याची चंदी चारली होती?

आयाळ भादरू नका, आहे तेवढं केसांचं पांघरूणही जाईल आणि चिलटांना मोकळं रान. गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन घोड्याला अजिबात टोचू नका, टोचल्या जागी सूज आणि कधीकधी जीवघेणं इन्फेक्शन होतं. घोड्यासाठी तोंडातून द्यायची पेस्ट मिळते, आणि तीही चिलटाच्या ॲलर्जीवर नाही.

करायचं काय, तर ही चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चावतात आणि उडायला अगदी कमजोर असतात. त्या वेळी घोडी तबेल्यात बांधा आणि एक मोठा पंखा लावा, वाऱ्यात ती टिकत नाहीत. ओली लीद आणि चिखल लांब ठेवा, त्यातच ती वाढतात. अंगावर मान झाकणारी पातळ जाळीची झूल टाका. पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे डॉक्टरला विचारून, आणि तबेल्यात मांजर असेल तर सांभाळून, मांजराला ते विषच. जखम झालेली असेल तर आधी डॉक्टर, खाज कमी करायची औषधं असतात त्यांच्याकडे.

आणि गोल गोल चट्टे पडून केस जात असतील तर ती ॲलर्जी नसेल, गजकर्ण असू शकतं. मग त्या घोडीचा खराऱ्याचा ब्रश आणि जीन दुसऱ्या घोड्याला वापरू नका, हात लावला की साबणाने धुवा, ते माणसालाही होतं.