नव्या अल्बमवर प्रेम करण्याचे कष्ट

आवडत्या बँडचा नवा अल्बम येणे ही आनंदाची घटना आहे, हा समज ज्यांना कोणताच बँड मनापासून आवडत नाही अशा लोकांनी पसरवलेला आहे. खऱ्या चाहत्याच्या पोटात त्या दिवशी सकाळपासून गोळा आलेला असतो, कारण अल्बम बेताचा निघाला तर तोंड कुठे लपवायचे, हा प्रश्न बँडपुढे नसून त्याच्यापुढे असतो. पूर्वी निदान ब्रिटनमध्ये सोमवारी आणि अमेरिकेत मंगळवारी अल्बम निघत, त्यामुळे इतरांचा सूर पाहून आपला सूर लावायला थोडी उसंत मिळे. जुलै २०१५ पासून सर्वांसाठी शुक्रवार ठरला आणि ती सवलतही गेली.

पहिल्या ऐकण्यात मला नवा अल्बम कधीच आवडत नाही. कोणी विचारलेच, तर मी तो ‘प्रगल्भ’ असल्याचे सांगतो. मात्र दुसऱ्या कोणी ‘जुन्या गाण्यांची सर नाही’ असे म्हटले, की नेमके हेच मत माझेही असताना मी त्याच्याशी हातघाईवर येतो. धाकट्या बहिणीने ‘दादा, हे मागच्याच अल्बममधलं ना रे?’ असे निरागसपणे विचारल्यापासून आमच्यात अबोला आहे.

खरा कस लागतो तो शेवटच्या संथ गाण्यापाशी. गाणी क्रमानेच ऐकावीत, असा माझा हट्ट असतो आणि त्याच्या समर्थनार्थ मी एलपीचा दाखला देतो: १९४८ मध्ये आलेल्या त्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटे मावत, आणि सुई मध्याकडे सरके तसतशी प्रत्येक फेऱ्यात तिच्या वाट्याला कमी लांबीची खाच येऊन आवाजातील बारकावे बिघडत, म्हणून दणदणीत गाणी आरंभी आणि शांत गाणी अखेरीस ठेवण्याकडे कल असे. आता ना सुई उरली ना खाच, तरीही ते रेंगाळणारे गाणे शेवटी आहेच, आणि त्यात कलात्मक योजना शोधण्याचे काम विनावेतन माझ्याकडे आले आहे. बहीण ते अर्ध्या मिनिटानंतर नाक मुरडून बंद करते. पण स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलेले गाणे ‘वाजले’ असे धरले जात असल्याने तिचे नाक मुरडणेही बँडच्या खात्यात रसिकता म्हणून जमा होते. अबोला नसता, तर मी तिला हे आवर्जून ऐकवले असते.

मी मात्र ऐकत राहतो, आणि एके दिवशी दात घासताना तेच गाणे गुणगुणत असल्याचे ध्यानात येते. हा विजय बँडचा मानावा, तर रॉबर्ट झायॉन्स हे मानसशास्त्रज्ञ आडवे येतात. नुसत्या वारंवार भेटीनेही एखादी गोष्ट आवडू लागते, हे त्यांनी १९६८ मध्ये निरर्थक शब्दांसारख्या गोष्टी लोकांपुढे पुन्हापुन्हा आणून दाखवून दिले होते. माझ्या निष्ठेची तुलना निरर्थक शब्दांशी व्हावी, हे मला मुळीच मान्य नाही. त्या शब्दांसाठी कोणी घरात भांडण काढले असेल, असे वाटत नाही.

असा अल्बम अखेर अंगवळणी पडतो, गिटारच्या ज्या तुकड्याला मी मनातल्या मनात भरताड म्हटले होते त्याच्यावाचून करमेनासे होते, आणि तेवढ्यात बँड त्याच अल्बमची ‘डिलक्स’ आवृत्ती जाहीर करतो. तिच्यात पहिल्या वेळी वगळलेली गाणी असतात, आणि आता तीही प्रगल्भ असल्याचे मला येत्या शुक्रवारपर्यंत ठरवायचे आहे.