महिला संचालक नेमताना घ्यावयाची काळजी

नरिमन पॉइंटपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंतच्या ज्या व्यवस्थापकीय संचालकांची झोप 'स्त्रियांना पुढे आणा' या तगाद्याने उडाली आहे, त्यांनी प्रथम कायदा नीट वाचावा. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असावी, एवढेच 2013 च्या कंपनी कायद्याचे म्हणणे आहे. त्यातला 'किमान' हा शब्द आपण 'कमाल' असा वाचला की निम्मी चिंता तिथेच मिटते.

आपल्यापैकी अनेकांनी ही स्त्री घरातच शोधली, हे योग्यच झाले. पत्नी, वहिनी किंवा सून मंडळावर असली की ठराव सकाळच्या चहाबरोबर संमत होतो आणि बैठकीचा भत्ताही घरात राहतो. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीला मात्र हे सुख पाहवले नाही. तिने 1 एप्रिल 2019 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 500 आणि पुढच्या वर्षीपासून पहिल्या 1000 कंपन्यांना निदान एक स्वतंत्र महिला संचालक नेमण्यास भाग पाडले, आणि स्वतंत्र म्हणजे प्रवर्तकाची, अर्थात कंपनी ज्याच्या ताब्यात आहे त्याची, नातेवाईक नव्हे. तारीख पाहून अनेकांना ही थट्टा वाटली असेल, ती नव्हती.

तरीही धीर सोडू नये. एका व्यक्तीला सात सूचीबद्ध कंपन्यांपर्यंत स्वतंत्र संचालक होता येते, तेव्हा जिच्या पदरी आधीच सहा कंपन्या आहेत अशी कर्तबगार बाई गाठावी. बैठकीच्या आदल्या रात्री तिला चारशे पानांची टिपणे पाठवावीत आणि सकाळी 'आपले काही म्हणणे?' असे आदराने विचारावे. तिने खरोखरच काही म्हटले, तर 'मॅडमची सूचना फार मोलाची आहे' असे इतिवृत्तात नोंदवून पुढचा विषय घ्यावा. ती कंटाळून निघून गेली तरी घाई नको. रिकामी जागा भरायला तीन महिन्यांची मुदत नियमानेच दिली आहे.

कुणी अरुंधती भट्टाचार्य यांचा दाखला दिला, तर त्या 2013 मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या हे मान्य करून 'अपवाद' एवढेच म्हणावे. त्या बँकेचे मुख्यालय ज्या रस्त्यावर आहे तो मादाम कामांच्या नावाचा आहे, याकडे लक्ष वेधू नये. आपल्याकडे स्त्रियांची नावे रस्त्यांना शोभतात.

आता खालच्या मजल्यांकडे वळू. 2017 मध्ये प्रसूतीची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली आणि तो पगार बहुतांशी मालकाच्याच खिशातून जातो. म्हणून मुलाखतीत 'लग्न कधी?' असे उघड विचारण्याचा अडाणीपणा करू नये. 'घरी कोण कोण असतं?' असे वडिलकीच्या स्वरात विचारावे, उत्तर तेच मिळते. पन्नास कर्मचारी झाले की पाळणाघर सक्तीचे आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. पाळणाघर अवश्य असावे. मात्र कार्यालय लोअर परळला असेल तर ते अंधेरीला असावे, आणि ते किती लांब असावे हे सांगणाऱ्या कायद्यातल्या 'विहित अंतर' या शब्दांचा अर्थ आपल्या वकिलाकडून लावून घ्यावा.

बढत्यांचे निर्णय संध्याकाळी सातनंतर घ्यावेत. मी नोकरी केली त्या कचेरीत ही शिस्त काटेकोर होती: बदलापूरची गाडी गाठायला बाई उठल्या की दार लावून खरी बैठक सुरू होई, आणि दुसऱ्या दिवशी तिचे इतिवृत्त बाईंनाच लिहायला देत, कारण त्यांचे मराठी चांगले होते. आठ मार्चला त्यांना गुलाब मिळे. तो आणण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच असे.

एक धोका तेवढा ध्यानात ठेवावा. पश्चिम रेल्वेवर 1992 पासून महिला विशेष गाडी धावते, आणि चर्चगेटहून निघालेल्या त्या गाडीत मटार सोलता सोलता कोणत्या कंपनीत कोणाला किती पगार आहे आणि कुठे जागा रिकामी आहे, हे बोरिवली येईपर्यंत सर्वांना कळलेले असते. त्यामुळे एखाद्या सोमवारी आपल्या सर्वांत हुशार अधिकारी बाईंचा राजीनामा टेबलावर दिसला, तर दचकू नये. तो स्वीकारावा, आणि कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' असे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.