निकालाच्या चौकटीत कुणाला कुठे बसवायचं?

२४ ऑक्टोबर २०१९, विधानसभेच्या निकालाचा दिवस. मी तेव्हा जळगावात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. पान सोडायची घाई, आणि निकालाची चौकट माझ्याकडे. मुक्ताईनगर : चंद्रकांत पाटील, अपक्ष. माणूस शिवसेनेचा बंडखोर, आज ना उद्या घरी परतणारच, असा हिशेब करून मी तो आकडा बिनधास्त भाजप-शिवसेना युतीच्या रकान्यात टाकला.

सकाळी सव्वासातला तिकडच्या एका काकांचा फोन. "भाऊ, आम्ही युतीचा उमेदवार पाडायला मत दिलं, अन् तुम्ही ते युतीच्याच ढिगात टाकलं!"

काय बोलणार? हरलेल्या रोहिणी खडसे भाजपच्या, म्हणजे युतीच्या अधिकृत उमेदवार. आणि जिंकलेल्या अपक्षाला पाठिंबा राष्ट्रवादीचा! दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापली. ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

निवडणूक आयोग निकाल पक्षनिहाय देतो. त्याच्या तक्त्यात युती-आघाडी असा रकानाच नसतो. ती बेरीज आपण पत्रकार मंडळी करतो, त्यामुळे तिचा जाबही आपणच द्यायचा. माझ्या मते पक्षाचा आकडा आधी, बेरीज नंतर, आणि बेरजेला तारीख हवीच. भाजप १०५, शिवसेना ५६, युती १६१ : निकालाच्या दिवशी हे खरं. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरेंनी शपथ घेतली तेव्हा शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, म्हणजे १५४ : तेही खरं. पण '२०१९ चा निकाल : महाविकास आघाडी १५४' असा तक्ता दिसला की माझं डोकं फिरतं. अहो, तो निकाल नव्हे, नंतरची जुळवाजुळव. ती योग्य की अयोग्य यावर खुशाल भांडा, पण मतदान यंत्रासमोर उभ्या माणसापुढे ती नव्हती.

त्याच वर्षी धुळे शहरात एमआयएम निवडून आली. ना युतीत, ना काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत. गेली 'इतर' मध्ये, करड्या रंगात. अख्ख्या शहराचा आमदार 'इतर'!

२०२४ च्या विधानसभेला खान्देशातल्या २० जागांपैकी महायुती १९, काँग्रेस १ (नवापूर). मथळा म्हणून झकास. पण त्या १९ मध्ये भाजप ११, शिंदेंची शिवसेना ७, अजित पवारांची राष्ट्रवादी १ हे दिलं नाही, तर मंत्रिपदाची ओढाताण कशावरून चालते ते वाचकाला कळणार कसं? नगरपालिकेला तर 'मैत्रीपूर्ण लढत' नावाचा प्रकार. एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोघांचे नगरसेवक मोजून 'महायुतीचं यश' लिहिणाऱ्याला मी कोपरापासून हात जोडतो.

२३ नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी काकांचा पुन्हा फोन. त्यांचे आमदार या वेळी धनुष्यबाणावर निवडून आले होते.

"भाऊ, आता टाका युतीत."