पंचगंगेला गूळ घालायला निघालेल्यांसाठी

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'नदी स्वतःच स्वतःला साफ करते, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही' असा मथळा, खाली हिरव्या बरोबरच्या खुणा करून सात मुद्दे, आणि शेवटी एका 'ज्येष्ठ जलतज्ज्ञां'चा हवाला. या तज्ज्ञांना ना नाव, ना गाव. असले मेसेज मी एरवी न वाचताच पुढे सरकवतो. पण परवा शिरोळकडच्या मावसभावाचा फोन आला. "दादा, रविवारी मंडळाची पोरं बंधाऱ्यात गूळ-शेणाचं द्रावण सोडणार हाईत. दहा रवे गूळ लागतोय. एक तुझ्या नावावर धरू का?"

दहा रवे म्हणजे तीनशे किलो. तोही उन्हाळ्यात, पाणी अडवून ठेवलेल्या पंचगंगेत. तेव्हा मेसेजमधला क्रम सोडून या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण रविवार जवळ आलाय.

मेसेज म्हणतो: 'एसटीपीवर कोट्यवधी उधळण्यापेक्षा गूळ, शेण आणि ताकाचं द्रावण नदीत सोडा. त्यातले उपयुक्त जिवाणू घाण खाऊन टाकतात.'

जिवाणू घाण खातात, हे खरं आहे. एसटीपीतही, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातही, तेच खातात. पण खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो. म्हणून तर तिथे टाकीच्या तळातून ब्लोअरने रात्रंदिवस हवा सोडावी लागते आणि विजेचं बिल फुगतं. नदीत ब्लोअर नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो तेवढाच: अगदी स्वच्छ पाण्यातही लिटरमागे आठेक मिलीग्रॅम, उन्हाळ्यात त्याहून कमी. पंचगंगेत जिवाणूंचा तुटवडा कधीच नव्हता, ते पायलीला पन्नास आहेत. तुटवडा आहे तो ऑक्सिजनचा. आणि गूळ म्हणजे जिवाणूंना सगळ्यात लवकर पचणारं खाणं.

हिशेब करून बघा, शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. एक किलो साखर पूर्ण कुजायला सव्वा किलोच्या जरा खाली ऑक्सिजन लागतो. गुळात साखरेशिवाय थोडं इतर काही असतं, म्हणून किलोमागे साधारण एक किलो धरू. लिटरला आठ मिलीग्रॅम या भावाने, एक किलो गूळ लाखभर लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतो. तीनशे किलो म्हणजे तीन कोटी लिटर. हा कागदावरचा आकडा आहे. वाऱ्याने, खळखळाटाने पाण्यात थोडी हवा परत मिसळते, मान्य. पण बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेल्या बंधाऱ्यामागे कसला आलाय खळखळाट?

आणि हे आपल्याला नवीन आहे का? साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी नदीत आलं की तेरवाड बंधाऱ्यावर माशांचा खच पडतो, म्हणून आपण मोर्चे काढतो. मळी विषारी असते म्हणून मासे मरत नाहीत. त्यातला साखरेचा अंश कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो म्हणून ते गुदमरतात. कारखान्याने केलं की गुन्हा आणि मंडळाने केलं की नदीसेवा, हे माशांना कसं कळावं?

शेणाबद्दल दोनच वाक्यं. ताज्या शेणाच्या एका ग्रॅममध्ये विष्ठेतले जिवाणू लाखांनी असतात. आंघोळीच्या पाण्यात शंभर मिलीलिटरमागे ते जास्तीत जास्त २५०० चालतील, ५०० च्या आत असावेत, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. शेतात जीवामृत घाला की, कोण अडवतंय!

आता मथळ्यातला मुद्दा. 'वाहतं पाणी दहा मैलांत आपोआप शुद्ध होतं.'

यात अर्धं सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. घाण पडल्यावर पाण्यातला ऑक्सिजन आधी उतरतो आणि पुढे वाहता वाहता परत चढतो. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये याचं गणितच मांडलं. पण त्या गणिताला दोन अटी आहेत: पाणी वाहतं हवं, आणि सावरायच्या आत पुढची घाण पडता कामा नये. आता पंचगंगा जिथे सुरू होते त्या प्रयाग चिखलीपासून खाली या. कोल्हापुरात जयंती नाला, दुधाळी नाला. मग नदीकाठची गावं, मग इचलकरंजी आणि तिथला काळा ओढा. मध्ये राजाराम, सुर्वे, रुई, तेरवाड, शिरोळ असे बंधारे. पावसाळा संपला की बरगे बसतात आणि नदीची तळ्यांची माळ होते. दहा मैल मोकळी वाहायला पंचगंगेला जागा कुठे ठेवलीय आपण? वाहत्या नदीचा नियम या साठवलेल्या पाण्याला लावायचा म्हणजे दुष्काळी गावाला पावसाची सरासरी सांगण्यासारखं आहे.

'प्रदूषण फक्त कारखान्यांचं. घरचं सांडपाणी नैसर्गिक असतं, त्याने नदीला काही होत नाही.'

हा मुद्दा लोकांना फार आवडतो, कारण त्यात आपण सुटतो. केंद्रीय मंडळाने २०२१ मध्ये देशभरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. शहरांतून रोज तयार होणारं सांडपाणी ७२,३६८ दशलक्ष लिटर. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१. त्यातून प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभरातलं सत्तरहून जास्त सांडपाणी जसंच्या तसं पुढे जातं. आणि ही फक्त शहरं, गावांच्या गटारी यात धरलेल्याच नाहीत. कारखाने धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसचं रंगीत पाणी सगळ्यांनी पाहिलंय, आणि डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशची, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या पाण्याची, बीओडी (घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतील त्याचं माप) घरच्या सांडपाण्याच्या शेकडो पट असते. त्यांना धरायलाच हवं. पण संडासाचं पाणी 'नैसर्गिक' म्हणून निरुपद्रवी? कावीळही मग नैसर्गिकच म्हणायची.

त्यावरूनच सगळ्यात घातक सल्ल्याकडे येतो. 'पाण्यात तुरटी फिरवा, क्लोरीनचं विष टाकू नका. आपले पूर्वज हेच करत होते.'

तुरटीने गढूळपणा खाली बसतो. त्याबरोबर काही जंतूही तळाला जातात, पण मरत नाहीत. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती हिपॅटायटिस ई ची. विष्ठा मिसळलेल्या पाण्यातून तो विषाणू पसरतो. हजारोंना लागण झाली, माणसं दगावली. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर दगावण्याचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मावसभावाची बायको सात महिन्यांची आहे आणि घरात तुरटी फिरायला लागली आहे, म्हणून माझा आवाज चढलाय.

गावच्या टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) पडते ती हजार लिटरला पाच ग्रॅमच्या मापाने. अर्धा-एक तास थांबून पाणी सोडायचं. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे रसायनाचे थेंब टाकून रंगाची परीक्षा, करायची. पिवळा रंग आला तर क्लोरीन उरलाय. पिवळा आला नाही तर जलसुरक्षकाला विचारा, सरपंचाला विचारा, पण पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. तुरटी फिरवून वर क्लोरीन टाकलात तर उत्तम, नितळ पाण्यात तो चांगलं काम करतो. तुरटीवर थांबू नका, एवढंच.

'टीडीएस मीटरवर २०० च्या आत आकडा आला की पाणी शुद्ध.' हे मीटर पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवतं. त्याला जंतू दिसत नाहीत. कळशीभर पाण्यात चमचाभर मैला मिसळला तरी काटा फारसा हलणार नाही. पुढे.

'जलपर्णी पाणी गाळते, काढू नका.' थोडं खरं. ती नायट्रेट, फॉस्फेट, काही जड धातूही शोषते. पण वेळच्या वेळी बाहेर काढली तरच त्याचा उपयोग. पाण्यातच मेली की शोषलेलं सगळं परत देते आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खाते. शिवाय नदीभर पसरलेली जलपर्णी हेच पाण्यात सांडपाणी मुरल्याचं लक्षण आहे.

'पुरात नदी धुऊन निघते.' निघते, थोडे दिवस. त्याच पुरात गटारींचं पाणी विहिरींत आणि बोअरमध्ये शिरतं, ते मेसेजवाल्यांनी गाळलंय.

मेसेजमधलं शेवटचं वाक्य असं: 'नदीची खरी स्थिती सरकार लपवतं.' प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नमुने ठरावीक ठिकाणांहून नियमित घेतले जातात आणि निकाल वेबसाइटवर टाकले जातात. कुणी उघडून बघत नाही, ही गोष्ट वेगळी. राजाराम बंधाऱ्यावर पुराचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आंघोळीच्या पाण्याची बीओडी लिटरला ३ मिलीग्रॅमच्या आत आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ हवा, हे किती जणांना सांगता येईल? आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवस बाटली ठेवून काढतात.

ऑक्सिजनची परीक्षा तर काठावरच सुरू होते, आणि मंडळाच्या पोरांनी ती एकदा बघावी. काचेची बाटली बुडबुडा न राहता तोंडापर्यंत भरायची. आत दोन रसायनं पिपेटने सोडायची, बूच लावायचं, उलटसुलट करायची. ऑक्सिजन असला की तपकिरी साका खाली बसायला लागतो. नसला तर साका पांढराच राहतो. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत निघतो, पण तपकिरी की पांढरा हे तिथेच कळतं.

मावसभावाला सांगितलंय, गुळाची वर्गणी परत कर. ज्यांना परत नको असेल त्यांच्या पैशातून जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाकडून बंधाऱ्याच्या वर आणि खाली, दर पंधरवड्याला ऑक्सिजन मोजून घ्या. बरगे काढायच्या आदल्या दिवशी तर नक्कीच, कारण साठलेलं काळं पाणी एकदम खाली सुटतं ते तेव्हाच. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा, बाटलीचा फोटो काढा. मासे मेल्यावर अधिकारी 'नमुना घेतला होता का?' असं विचारतात, तेव्हा ते कागद कामाला येतील. तो म्हणाला, "पोरं ऐकत्यात का बघतो." गूळ अजून दुकानातून उचललेला नाही, एवढं खरं.