प्रतिभेला कारकुनीचं वावडं नव्हतं

हा मेसेज मला एका आठवड्यात चार जणांनी पाठवला. चौघांनीही वर जवळपास एकच ओळ जोडली होती : ‘अगदी माझंच वर्णन.’ चौथा माझा भाचा. पदवी मिळून त्याला दोन वर्षं झाली. हाती आलेल्या तीन नोकऱ्या त्याने ‘ते काम कोणीही करेल’ म्हणून नाकारल्या आणि सध्या तो घरी बसून एका मोठ्या कल्पनेवर विचार करतोय. कल्पना काय आहे असं विचारलं, की ‘मामा, ते असं दोन वाक्यांत नाही सांगता येत’ एवढंच उत्तर मिळतं.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा : खऱ्या बुद्धिमान माणसाचं साध्या कामात मन रमत नाही. आइनस्टाइन गणितात नापास झाला होता. बिल गेट्सने कॉलेज सोडलं. नोकरी प्रतिभेला मारते. स्वतःवर अढळ विश्वास असणं हीच प्रतिभेची खूण. जग हसतं, कारण जगाची तेवढी झेप नसते. आणि शेवटी, तुम्हीही असे असाल तर पुढे पाठवा.

भाच्याला फोनवर उत्तर द्यायला गेलो, पण तो मला बोलूच देईना. म्हणून लिहून काढतोय.

आइनस्टाइनचं गणित आधी उरकून टाकू, कारण ते धडधडीत खोटं आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रीय सदरात ही गोष्ट छापून आली, तेव्हा आइनस्टाइन हयात होता. त्याला ती दाखवल्यावर त्याने सांगितलं, की पंधरावं वर्ष लागण्याआधीच त्याला कॅल्क्युलस येत होतं. तो नापास झाला ते १८९५ मध्ये, झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या, म्हणजे तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या, प्रवेश परीक्षेत. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, म्हणजे परीक्षेच्या नेहमीच्या वयापेक्षा दोन वर्षांनी लहान. तिथेही गणित आणि भौतिकशास्त्र उत्तम होतं, घात केला तो फ्रेंचसारख्या इतर विषयांनी. मग तो काय करत बसला? आराऊ गावच्या शाळेत वर्षभर चारचौघांसारखा बाकावर बसला आणि पुढच्या वर्षी बीजगणित-भूमितीत सहापैकी सहा गुण घेऊन पॉलिटेक्निकात गेला. फ्रेंचमध्ये तेव्हाही तीनच होते.

गेट्सचंही पटकन. त्याने हार्वर्ड सोडलं १९७५ मध्ये, हे खरं. पण तेराव्या वर्षापासून तो प्रोग्रॅम लिहीत होता, आणि त्यात शाळेच्या तासांचं वेळापत्रक बसवण्याचा प्रोग्रॅमही होता. वेळापत्रक लावणं हे काम कुठल्याही शाळेत कोणाच्या गळ्यात पडतं ते विचारून बघा. आणि कॉलेज सोडून कुठेच न पोचलेल्यांचे फोटो असल्या मेसेजमध्ये कोणी टाकत नाही.

आता खरा मुद्दा : नोकरी प्रतिभेला मारते.

१९०० साली पदविका मिळाली तरी आइनस्टाइनला कुठल्याही प्राध्यापकाने सहायक म्हणून घेतलं नाही. दोन वर्षं त्याने अर्ज केले, मुलं शिकवली. बर्नच्या वर्तमानपत्रात त्याने खासगी शिकवणीची जाहिरात दिली होती, तीत पहिला धडा फुकट असंही लिहिलं होतं. १९०२ मध्ये एका वर्गमित्राच्या वडिलांच्या ओळखीने त्याला स्विस पेटंट कार्यालयात जागा मिळाली. हुद्दा तृतीय श्रेणी तांत्रिक तज्ज्ञ. रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस. सापेक्षतेच्या लेखामुळे ज्या १९०५ सालाची भौतिकशास्त्रात पूजा होते, त्या अख्ख्या वर्षात तो याच खुर्चीवर होता. ती खुर्ची त्याने १९०९ मध्ये सोडली.

त्या कार्यालयाचे प्रमुख फ्रीडरिश हालर नवीन माणसाला बजावत, की अर्ज हातात घेतलास की संशोधक सांगतोय ते सगळं चूक आहे असं धरूनच वाचायला लाग. सात वर्षं, रोज आठ तास, दुसऱ्यांच्या हुशारीतली भोकं शोधायची. विजेच्या तारेने दूरदूरची घड्याळं एकमेकांशी जुळवण्याच्या युक्त्याही तेव्हा पेटंटसाठी येत असत. सापेक्षतेच्या लेखातली घड्याळं त्या फायलींतून आली असावीत, असं काही इतिहासकार मांडतात. ते पूर्ण सिद्ध झालेलं नाही, पण ते सोडलं तरी त्या कामाने त्याचं डोकं गंजलं असं कोणालाही म्हणता येणार नाही.

दुसरं उदाहरण भाचा माझ्यावरच उलटवील, म्हणून मीच देतो. श्रीनिवास रामानुजन कॉलेजात खरोखर नापास झाले. गणिताखेरीज कशाकडेच लक्ष न दिल्याने शिष्यवृत्ती गेली, पदवी मिळाली नाही. पुढे ते आपल्या वह्या घेऊन व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांकडे गेले. अय्यर स्वतः गणिताचे जाणकार, भारतातली गणितज्ञांची संस्था त्यांनीच सुरू केलेली. त्यांनी वह्या पाहिल्या आणि महसूल खात्याच्या तळाच्या जागेवर बसवून ही प्रतिभा गुदमरवून टाकायचं माझ्या मनात येईना, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. म्हणजे मेसेजचंच म्हणणं की हे! फक्त ते म्हणालं कोण, ते बघावं. म्हणाले अय्यर. रामानुजन त्यांच्याकडे गेले होते ते कारकुनाची जागा मागायला.

ती त्यांना १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये मिळाली, हिशेब विभागात, पगार महिना तीस रुपये. तिथले वरिष्ठ एस. नारायण अय्यर हेही गणिती. त्यांनी आणि पोर्ट ट्रस्टचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी या कारकुनाला उचलून धरलं. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजननी केंब्रिजला हार्डी या गणितज्ञांना पत्र लिहिलं, त्याची सुरुवातच अशी आहे की मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात वर्षाला वीस पौंडांवर काम करणारा कारकून. स्वतःला काय म्हणवून घ्यावं याला त्या माणसाकडे बरेच पर्याय होते. त्याने हुद्दा लिहिला, पगार लिहिला आणि सोबत शंभरावर सूत्रं जोडली. त्यातलं मूळ संख्यांविषयीचं एक सूत्र चुकीचं निघालं. हार्डींनी तसं कळवलं आणि पत्रव्यवहार पुढे चालू राहिला. चूक निघू शकली, कारण कागदावर काहीतरी होतं.

इथे माझीच गोष्ट सांगतो, कारण भाच्याचा आजार मला तेविसाव्या वर्षी झाला होता. मी एका प्रकाशनगृहात मुद्रितशोधक म्हणून लागलो होतो. टेबलाच्या खणात अर्धी कादंबरी होती आणि प्रुफं तपासणं ही हमाली आहे असं माझं ठाम मत होतं. एकदा आरोग्यावरच्या एका पुस्तिकेचं प्रूफ मी तपासून दिलं. औषधांच्या मात्रांचा तक्ता होता. २.५ मिलीच्या जागी २५ मिली जुळलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांखालून सरळ निघून गेलं. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते छपाईला जायच्या आधी पकडलं. तक्ता तपासताना ते फूटपट्टी धरून शेवटच्या ओळीपासून वर वर जात. वरून खाली वाचलं की डोळा अर्थ वाचतो, अक्षर वाचत नाही, हे त्यांचं नेहमीचं सांगणं. त्या दिवशी रागावले मात्र नाहीत. एवढंच म्हणाले, “तू वाचत नव्हतास रे. तिथे काय असणार ते तुला आधीच माहीत होतं.”

त्या रविवारी मी माझी कादंबरी फूटपट्टी लावून खालून वर वाचली. नायकाची धाकटी बहीण चाळिसाव्या पानावर थोरली झाली होती. एक पात्र मेल्यानंतर पत्र लिहीत होतं. हे सगळं वर्षभर माझ्या खणात होतं, आणि वर्षभर मी तिला थोर समजत होतो. साध्या कामाचा स्वयंघोषित प्रतिभावंताला कंटाळा येतो म्हणतात, पण माझ्या बाबतीत तरी तो कंटाळा नव्हता, भीती होती. मात्रेचा आकडा चुकला की चुकला, तिथे ‘तुम्हाला कळलं नाही’ म्हणायची सोय नाही.

आता मेसेजला जेवढं द्यायला हवं तेवढं देतो. काही कामं माणसाला खरंच पिळून काढतात. काफ्का या लेखकाने १९०८ ते १९२२ कामगारांच्या अपघात विम्याच्या कार्यालयात नोकरी केली आणि तिच्यामुळे लिहायला वेळ उरत नाही, ही तक्रार त्याने आयुष्यभर केली. ती तक्रार मी खोटी म्हणणार नाही. रामानुजनही जन्मभर हिशेबाच्या वह्यांत राहिले असते तर नुकसानच होतं. ते तिथून वर्षभरात मद्रास विद्यापीठाच्या महिना पंचाहत्तर रुपयांच्या शिष्यवृत्तीवर बाहेर पडले, ते चांगलंच झालं. पण दोघांनीही काम करत असताना लिहिलं. काम नको म्हणून रिकामा वेळ मिळवला आणि त्या वेळात फक्त आपल्या थोरवीवर विचार केला, असं यांच्यापैकी कोणाच्या चरित्रात नाही.

मग अढळ विश्वास ही खूण, त्याचं काय? १९९५ मध्ये पिट्सबर्गला एका माणसाने तोंडाला लिंबाचा रस लावून दिवसाढवळ्या दोन बँका लुटल्या. लिंबाच्या रसाने लिहिलेली अक्षरं दिसत नाहीत, तर रस लावलेला चेहराही कॅमेऱ्याला दिसणार नाही, असा त्याचा हिशेब होता. विश्वास अढळच होता. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ च्या आपल्या शोधनिबंधाची सुरुवात याच प्रसंगाने केली. त्यांनी विद्यार्थ्यांच्या तर्कशास्त्र, व्याकरण, विनोदाची जाण अशा चाचण्या घेतल्या. तळाच्या पाव गटातली मुलं सरासरीने शंभरातल्या बारा जणांच्या पुढे होती, आणि त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज होता बासष्ट.

हा निबंध हल्ली लोक एकमेकांच्या डोक्यात घालायला वापरतात, तेही बरं नव्हे. थोडंसंच कळणाऱ्याचा आत्मविश्वास सगळ्यांत उंच दाखवणारा, मूर्खपणाच्या शिखराचा जो आलेख सगळीकडे फिरतो तो त्या निबंधात नाहीच. तळातल्या मुलांनी स्वतःला सगळ्यांत हुशारही म्हटलं नव्हतं, सरासरीपेक्षा जरा बरं म्हटलं होतं. या आकड्यांतला काही भाग निव्वळ संख्याशास्त्राचा खेळ आहे, असाही आक्षेप नंतर बऱ्याच संशोधकांनी घेतला आहे. मला त्यातली एक फारशी न सांगितली जाणारी गोष्ट आवडते : त्यातल्या काहींना थोडं तर्कशास्त्र शिकवलं, तेव्हा त्यांना स्वतःचे आधीचे गुणही जास्त नेमके ओळखता आले. आधी जरा काम शिकले, मग आपण कुठे आहोत ते दिसलं.

शेवटचा मुद्दा, जग हसतं. हसतं, कधी कधी चुकतंही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत नापास झाला. १८६६ मध्ये त्याचा निबंध छापला गेला तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. तो १८८४ मध्ये गेला आणि १९०० मध्ये जगाला जाग आली. मेसेजवाल्यांना याहून चांगला नायक मिळायचा नाही. फक्त दुर्लक्ष व्हायच्या आधी त्याने काय केलं होतं? आठ वर्षं वाटाण्याची सुमारे २८,००० रोपं वाढवली. कळी उमलायच्या आत चिमट्याने उघडायची, पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे, वर पिशवी बांधायची. मग शेंगा सोलून दाणे मोजायचे. गुळगुळीत ५,४७४, सुरकुतलेले १,८५०. हे काम खरोखर कोणीही करू शकलं असतं. १९०० मध्ये तो बरोबर आहे हे कळलं ते दाणे मोजून लिहिलेले होते म्हणून. ‘जगाला मी कळलो नाही’ एवढंच मागे ठेवलं असतं तर कोण काय तपासणार होतं?

हे सगळं पाठवायच्या आधी मी भाच्याला एक विनंती केली. त्या मोठ्या कल्पनेचं एक पान लिहून दे, मी शुद्धलेखनाखेरीज कशालाही हात लावणार नाही.

म्हणाला, “मामा, कल्पना महत्त्वाची. लिहून काढायचं काम नंतर कोणीही करेल.”