मासे मला पाण्यात पाहतात

मला पाण्यात पाहणारी माणसं जगात फारशी नसावीत. तेवढा मी कोणाच्या खिजगणतीतच नाही. मासे मात्र पाहतात. राहतातच तिथे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ते नुसतेच पाहतात. तीन उन्हाळे मी तळ्याकाठी गळ टाकून बसतोय. एवढ्या काळात गळाला लागलेला ऐवज असा : एक सँडल, गाडाभर पाणवनस्पती, दोनदा माझीच टोपी आणि एकदा मेव्हण्याचा शर्ट. शर्टात मेव्हणा होता.

मासे धरणाऱ्यांत दोन पंथ असतात. एक मासे धरणाऱ्यांचा, दुसरा त्याविषयी वाचणाऱ्यांचा. मी दुसऱ्या पंथातला. त्यामुळे मासा का लागला नाही, हे मी कुठल्याही मासे धरणाऱ्यापेक्षा चांगलं सांगू शकतो.

उदाहरणार्थ, उन्हाळ्याच्या सुरुवातीचं खोल तळं. वरून ते एकच दिसतं, पण आत तीन मजले असतात. पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला. त्यापुढे तापेल तसं ते हलकं होत जातं. ऊन वरचं पाणी तापवतं, ते हलकं होऊन वरच तरंगत राहतं, आणि वाऱ्याने ढवळून ढवळून जेवढं ढवळलं जाईल तेवढंच एकमेकांत मिसळतं. तळाशी गार, जड पाणी स्वस्थ पडून. या दोघांच्या मध्ये एक पट्टा असतो, जिथे तापमान धाडकन उतरतं. मीटरमागे एक अंशाहूनही जास्त. त्याला म्हणतात थर्मोक्लाइन. एकदा हा पट्टा बसला की वरचा प्राणवायू खाली पोचत नाही, आणि तळाशी कुजणारा पालापाचोळा होता तेवढा संपवत बसतो. म्हणजे वर ऊन, खाली गुदमर. शहाणा मासा थर्मोक्लाइनच्या जरासा वर मुक्काम ठोकतो.

हे मी बायकोला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आज पण नाही का?"

पहिल्या उन्हाळ्यात मी पहाटे चारला उठायचो. उन्हाळ्यात मासे पहाटे आणि संध्याकाळी खातात, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. मी दाट पाणवनस्पतींच्या कडेला जागा धरली, कारण वनस्पती प्राणवायू देतात, हे शाळेपासून पाठ. महिनाभराने वाचनात आलं की त्या प्राणवायू देतात दिवसा. रात्री त्याही आपल्यासारखाच श्वास घेतात, त्यामुळे दाट वनस्पतींतल्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो नेमका पहाटे. महिनाभर झोपमोड करून मी अचूक अशा ठिकाणी जाऊन बसत होतो, जिथून मासे रात्रीच उठून गेलेले असत. पहाटच हवी असेल तर वनस्पतींपासून जरा दूर, मोकळ्या पाण्याकडे सरकावं. वनस्पतींची कड सकाळ वर आल्यावर.

मग वारा. वारा तापलेलं वरचं पाणी आणि त्याबरोबर तरंगणारे सूक्ष्म जीव ढकलत पलीकडच्या काठाला नेतो. त्यांच्यामागे छोटे मासे, छोट्यांच्या मागे मोठे. म्हणून वारा ज्या काठावर आदळतो तिथे बसावं. सल्ला उत्तम आहे. फक्त तिथे बसलं की वारा तोंडावर येतो आणि गळ वाऱ्याच्या विरुद्ध फेकावा लागतो. टोपी दोनदा लागली ती याच काठावर. मेव्हण्याच्या शर्टाचंही तसंच, पण तो अजून म्हणतो की दाजींनी मुद्दाम केलं.

मेव्हण्याविषयी दोन शब्द लिहायला हवेत. तो मासे धरायला येत नाही, मला बघायला येतो. येतो तोही धक्क्याच्या फळ्यांवर दाणदाण पाय आपटत, "काय दाजी, लागलं का काही?" असं ओरडत. मी त्याला सांगितलं, ओरड तू खुशाल. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो. पाय मात्र आपटू नकोस. फळीतून थरथर पाण्यात उतरते, पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने पळतो, आणि माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना थरथर टिपणारी एक रेषाच असते. कार्पच्या कुळात तर हवेची पिशवी कानाला हाडांच्या साखळीने जोडलेली असते, त्यामुळे त्यांचे कान भलतेच तिखट. त्याने यातलं पहिलंच वाक्य लक्षात ठेवलं. आता तो ओरडतोही आणि पायही आपटतो.

माशाला आपण दिसतो कसे, तेही मी वाचलं. पाण्याखालून वर पाहिलं तर बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं, साधारण 97 अंशांची. क्षितिजालगतचं जे काही असेल ते त्या खिडकीच्या कडेला चेपून, अंधुक होऊन बसतं. सारांश, काठावर ताठ उभं राहू नये. मी शेवटचे दहा मीटर रांगत जाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पळायला आलेल्या एका बाईंनी थांबून विचारलं, "काका, पाठ धरली का? कोणाला फोन करू?" मी म्हणालो, नको, खिडकीच्या बाहेर राहतोय. त्या परत पळू लागल्या, आधीपेक्षा बऱ्याच जोरात.

एकदा तर मासे डोळ्यांसमोर होते. उथळ पाण्यात, गुडघाभर खोलीत, कार्पची झुंबड. पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालेलं. मी मक्याचे दाणे टाकले, कणकेच्या गोळ्या टाकल्या, गांडूळ तर जवळजवळ हातात नेऊन दिलं. ढुंकूनही पाहिलं नाही कोणी. पाणी अठरा-वीस अंशांवर गेलं की त्यांचा अंडी घालण्याचा हंगाम लागतो आणि त्या धामधुमीत जेवणाची आठवण कोणाला राहत नाही. अशा वेळी सभ्य माणसाने दुसरीकडे जावं. मी गेलो.

मासा लागलाच तर कोरड्या हातांनी धरू नये, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग होतात. कोमट पाण्यात तो आधीच दमलेला असतो, म्हणून झटपट सोडून द्यावा. मी हात ओलेच ठेवतो. तीन वर्षं ओले आहेत.

गेल्या रविवारी ठरवलं, अंदाज पुरे, थर्मोक्लाइन मोजायचीच. साधा थर्मामीटर खाली सोडून चालत नाही, वर ओढेपर्यंत त्याचा आकडा बदलतो. त्यावर जुनी युक्ती आहे. बाटलीला वजन बांधायचं, बूच लावायचं, बुचाला वेगळी दोरी. हव्या त्या खोलीवर बाटली गेली की बूच उपटायचं, तिथलंच पाणी भरतं, आणि भराभर वर ओढून मोजायचं. या कामाला दोन हात लागतात. म्हणून मी गळ तीन मीटरवर सोडून काठी धक्क्यावर आडवी ठेवली आणि बाटली घेऊन बसलो. पृष्ठभागाला 23 अंश. दोन मीटरला 23. तीनला 22. चारला 18! मी वहीत तीनच्या आकड्याभोवती गोल केला. मासे इथेच असणार. इथेच!

मागे फळीवर खरखर झाली. वळून पाहिलं तर काठीचं बूड धक्क्याच्या कडेवरून दिसेनासं होत होतं. काठी खाली ठेवताना रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरीचा ब्रेक, सैल करावा, नाहीतर मोठा मासा काठीसकट निघून जातो, हे मी मेव्हण्याला आदल्याच दिवशी अर्धा तास समजावून सांगितलं होतं.

घरी गेलो तर बायको दारातच.

"लागला," मी म्हणालो. "हिशोब तंतोतंत बरोबर निघाला."

"अगंबाई! कुठाय?"

"तीन मीटरवर."

"आणि काठी?"

"ती पण."